चौदा कोरे कागद

१

मास्तरांना जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा त्यांचं लोखंडी कपाट पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघडलं गेलं.

कपाट बाइंडिंगच्या कारखान्यातच होतं, खळीच्या पातेल्यांमागे. या जागेत मास्तरांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. त्यातली अठरा भाडेकरू म्हणून आणि पुढची बावीस मालक म्हणून. खाली कारखाना, वर घर, मागच्या बाजूला एक खोली. किल्ली मास्तरांच्या चष्म्याच्या घरात असायची आणि हे गुपित दूधवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

कुलूप काढलं धाकट्याने. तो मास्तरांचा मुलगा. वडील आजारी पडल्यापासून कारखाना तोच बघत होता. त्याच्या खांद्यामागे त्याची बहीण उभी होती, घरातली थोरली. ती दुसऱ्या गावी शाळेत भूगोल शिकवायची. वडिलांच्या आजारपणात रजा काढून आली होती ती अजून परत गेली नव्हती. शेजारचे छापखानेवाले खुर्चीत बसले होते. त्यांना ही इमारत विकत घ्यायची होती, म्हणून घराचं खरेदीखत एकदा डोळ्यांखालून घालायला आले होते.

आणि खिडकीशी, शिलाईच्या टेबलावर, दाभण आपलं काम करत होती. तिचं खरं नाव कारखान्यात कोणी घेत नसे. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून दाभण. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे कामाला लागली आणि मागच्या खोलीत राहू लागली. मास्तरांची पुस्तकं तीच शिवायची.

धाकट्याने फाइल बाहेर काढली. मास्तरांनी स्वतः बनवलेली कापडी पुठ्ठ्याची फाइल, वर एकच शब्द, 'घर'. त्याने नाडी सोडली, पुठ्ठा उघडला आणि तो नुसता बघत राहिला. आत कागद होते, पण सगळे कोरे. एकावरही अक्षर नव्हतं.

छापखानेवाल्यांनी घसा खाकरला. थोरली मात्र फाइलकडे बघतच नव्हती. ती शिलाईच्या टेबलाकडे वळली होती.

"एकोणीस वर्षं वाट बघितलीस," ती म्हणाली, "आणि तीन आठवड्यांत उरकलंस."

दाभणने सुई खाली ठेवली. ती उठून आली, धाकट्याच्या हातातली चळत घेतली, कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि परत दिली.

"चौदा आहेत," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

धाकट्याने मोजले. चौदाच होते. थोरलीने भावाकडे असं बघितलं, की आता आणखी काय पुरावा हवा.

२

धाकटा पोलिसात गेला नाही. थोरलीचं म्हणणं होतं की जावं, आणि दाभणला आजच्या आज खोली खाली करायला सांगावी. तो ऐकेना, तेव्हा तिने त्याला दोन दिवस दिले. त्या दोन दिवसांत तो नक्कलनीसबाईंकडे गेला.

बाई नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं दस्तांच्या नकला करत होत्या. खरेदीखतं, गहाणखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं. कुणाची जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे त्यांनी आयुष्यभर हाताने लिहून काढलं होतं. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे अडलेल्या कागदांसाठी येत. बोलायला त्या शांत होत्या. समोरचा काय बोलतो ते वहीत शब्दन्‌शब्द उतरवायची त्यांना सवय होती आणि वाचताना त्यांचे ओठ हलायचे.

धाकट्याचं सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो त्याला विचित्र वाटला. खरेदीखत हरवल्याने नेमकं कोणाचं काय अडलं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

धाकटा म्हणाला, घरच गेलं की हातचं.

"घर जागेवर आहे," बाई म्हणाल्या. "कागद म्हणजे घर नव्हे. तुमच्या वडिलांनी घर घेतलं त्या दिवशी दस्त नोंदला गेला. त्याची प्रत कार्यालयात आहे, ती कोणालाही मागता येते. कागद ज्याच्या हातात, घर त्याचं, असं असतं तर चोरांना भिंती फोडायची गरजच पडली नसती. उद्या कोणी ते खरेदीखत घेऊन बाजारात उभं राहिलं, तरी त्याच्यावर नाव तुमच्या वडिलांचंच आहे. आणि आई आधीच गेलेली असल्याने वडील गेल्या क्षणी ते घर तुम्हा दोघा भावंडांचं झालं, निम्मं निम्मं. त्यासाठी कोणी काही लिहून द्यायला लागत नाही."

धाकट्याला एकदम आठवलं. गेल्या वर्षी कारखान्याला जास्त दाबाची वीज घेताना त्याने नोंदणी कार्यालयातून त्या खरेदीखताची नक्कल आणली होती. तो धावत जाऊन घेऊन आला. बाईंनी ती वाचली. पानं एका बाजूला लिहिलेली होती. त्यांनी शेवटच्या पानावरचा आकडा बघितला, मग कोऱ्या कागदांची चळत पुन्हा मोजली.

"तुमचं खरेदीखत बारा पानांचं आहे," त्या म्हणाल्या. "फाइलमध्ये कोरे कागद चौदा. ज्याने कोणी हे ठेवले त्याने जाडी जुळावी म्हणून जितके काढले तितके घातले असणार. मग उरलेली दोन पानं कशाची होती?"



३

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. आधी छापखानेवाल्यांना भेटल्या, कारण ते वाटेतच होते. शाईने निळ्या झालेल्या हातांनी त्यांनी कपाट उघडून स्वतःची प्रत दाखवली. घर घ्यायचं मनात आल्या दिवशीच त्यांनी नोंदणी कार्यालयात जाऊन मागचा सगळा शोध घेतला होता. आजवर तीन इमारती घेतल्या, मला अस्सल कागद चोरून काय लोणचं घालायचंय, असं ते म्हणाले. घर विकायला दोघा भावंडांच्या सह्या लागतील हेही त्यांना पक्कं माहीत होतं. जाता जाता त्यांनी एक सल बोलून दाखवला. दाभणला त्यांनी तीनदा जास्त पगारावर बोलावलं होतं, तीनही वेळा ती आली नाही. मास्तरांकडे असं काय होतं कोण जाणे, असं म्हणून ते मशीनकडे वळले.

थोरली वरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसली होती. लाल पेन तिने बंद केलं नाही, बोलतानाही हातातच ठेवलं.

आधी ती वडिलांबद्दल बोलली. बारा वर्षांची असताना तिने त्यांच्याकडे कटिंग मशीनवर काम शिकवा म्हणून हट्ट धरला होता. बोटं जातील, म्हणून त्यांनी तिला हाकललं. पुन्हा कधी त्या मशीनला हात लावू दिला नाही. रोज शाळेतून आल्यावर ती जिथे आता कपाट आहे तिथे उभी राहून बघायची. मग ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन गेली. आणि एका सुट्टीत घरी आली तर एक अनोळखी मुलगी, तिच्याच वयाची, त्या मशीनपुढे उभी होती आणि मास्तर मागे उभं राहून तिला सांगत होते, हं, आता दाब.

"कामाला लागून तिला आठवडा झाला होता," थोरली म्हणाली. "आठवडा."

त्यानंतर घरी आलं की हेच. दाभणने असं शिवलं, दाभणने तसं केलं. पत्रातसुद्धा. थोरलीला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली त्या दिवशी वडिलांचं पत्र आलं ते चार ओळींचं, आणि त्यातल्या दोन ओळी दाभणने बांधलेल्या एका कोशाबद्दल होत्या.

बाई लिहून घेत होत्या. खोलीचं काय, त्यांनी विचारलं.

थोरली हसली. "खोली? बघाच आता. ती म्हणेल, पूर्वेकडील खिडकी असलेली मागची खोली, जिन्याखालून येण्याजाण्याच्या वाटेसह, माझी. एकोणीस वर्षं राहिले म्हणेल. असं राहून राहून होतं ना मालकीचं? मी वाचलंय कुठेतरी."

होतं कधी कधी, बाई म्हणाल्या. पण मालकाच्या नाकावर टिच्चून, ही जागा माझी, असं उघडपणे राहावं लागतं. मालकाच्या परवानगीने राहणारा शंभर वर्षं राहिला तरी पाहुणाच.

थोरलीने पेनाचं टोपण लावलं. हे तिला नवीन दिसलं, आणि आवडलंही.

खाली उतरताना बाई जिन्यात थांबल्या. जिना बाहेरच्या बाजूने होता, लोखंडी, त्याच्याखालून मागच्या खोलीकडे अरुंद वाट जात होती. त्यांनी धाकट्याला विचारलं, हा जिना कधीचा. तो म्हणाला, सहा वर्षं झाली. पूर्वी जिना आतूनच होता, कारखान्यात जागा हवी म्हणून तो काढला आणि हा बाहेर बसवला.

बाईंनी वहीतली मघाची ओळ पुन्हा वाचली. त्यांचे ओठ हलले.

४

दाभणची खोली म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह, आणि पूर्वेला मोठी खिडकी. भिंतीवर काही नव्हतं. ती बांधाबांध करत होती. अजून तिला कोणी जा म्हटलं नव्हतं, पण कोणी म्हणेपर्यंत थांबायचा तिचा स्वभाव नव्हता.

ही खोली तुम्हाला मास्तरांनी दिली होती का, बाईंनी विचारलं.

"राहायला दिली होती," दाभण म्हणाली. "दिली नव्हती."

कायद्याची दोन पुस्तकं वाचूनही लोकांना जो फरक कळत नाही तो हिने चार शब्दांत सांगितला, असं बाईंना वाटलं. त्यांनी पिशवीतून कोऱ्या कागदांची चळत काढली आणि विचारलं की मोजल्याशिवाय चौदा कसे सांगितले.

दाभणने उत्तराऐवजी बाईंची वही उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि उरलेल्या कोऱ्या पानांचा आकडा सांगितला. बाईंनी नंतर मोजून बघितलं, तो एकानेही चुकला नव्हता. एकोणीस वर्षं छापील पानांचे दुमडलेले फॉर्मे मोजणाऱ्या अंगठ्याला ते कठीण नव्हतं.

मग तिने कोरे कागद खिडकीशी नेले आणि कडेवर नख फिरवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

हे मशीनवर कापलेले नाहीत, ती म्हणाली. मशीनवर चळत एका दमात कापतात, सगळ्या कडा एका जिवाच्या होतात. हे एकेक कागद घेऊन, पट्टी धरून, सुरीने कापलेत. चौदा वेळा. धाकटे किंवा मी असते तर मशीनवर अर्ध्या मिनिटाचं काम होतं, कोण कशाला सुरी घेऊन बसेल.

"पण हात चांगला आहे," ती हळूच म्हणाली. "एकही कड हललेली नाही. असं हाताने कापणारे एकच होते, मास्तर."

तिला नेमका कोणाचा हात दिसला ते तिने सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी दुसरंच विचारलं. मास्तरांनी तुमच्या नावाने कधी काही लिहून ठेवलं होतं का.

दाभणचा चेहरा बंद झाला. तिने खाटेवरची चादर ओढून घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"कागदाचं मला विचारू नका," ती म्हणाली. "मी ते बघितलेलं नाही आणि मला बघायचंही नव्हतं."

म्हणजे बघण्यासारखं काहीतरी होतं.

५

नोंदणी कार्यालयाच्या वहीत मास्तरांच्या नावावर बावीस वर्षांपूर्वीच्या खरेदीखताखेरीज एकही नोंद नव्हती. बाईंनी ती सूची दोनदा चाळली. मग त्या कार्यालयाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. तिथे दस्तलेखक बसतात.

प्रत्येक दस्तलेखकाची भाषा वेगळी. एक चतुःसीमा उत्तरेपासून सुरू करतो, एक पूर्वेपासून. एक 'सदरहू' शिवाय वाक्य लिहीत नाही. एकतीस वर्षं नकला केल्याने मजकूर बघून लिहिणारा कोण हे बाई ओळखत. 'येण्याजाण्याच्या वाटेसह' असं लिहिणारा त्या शेडमध्ये एकच होता, कोपऱ्यातले सर्वांत वयस्कर लेखक. बाकीचे सगळे 'वहिवाटीच्या हक्कासह' लिहीत.

बाईंनी त्यांना मास्तरांबद्दल विचारलं. त्यांनी आठवायला वेळ घेतला नाही. तीनेक महिन्यांपूर्वी मास्तर आले होते, तब्येत उतरलेली होती. एक बक्षीसपत्र करून घेतलं. लेखकांनी कच्च्या मसुद्यांची वही काढली, पान शोधलं आणि चष्मा सावरून वाचलं. देणार मास्तर स्वतः. घेणार दाभण, तिच्या खऱ्या नावाने. मिळकत, 'पूर्वेकडील खिडकी असलेली मागची खोली, जिन्याखालून येण्याजाण्याच्या वाटेसह'.

किती पानं झाली होती, बाईंनी विचारलं.

दोन, लेखक म्हणाले.

मास्तरांनी सही केली होती, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. राहिली होती ती घेणाराची स्वीकाराची सही आणि नोंदणी. तिला घेऊन उद्या येतो म्हणाले, आणि आलेच नाहीत. लेखकांना वाटलं, आजार वाढला असेल.

बाईंनी लेखकांचे आभार मानले. बाहेर आल्यावर त्या शेडच्या खांबाला टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या. चोर कोण ते त्यांना कळलं होतं. एकच गोष्ट जुळत नव्हती. नको होती ती दोन पानं, तर ती दोनच काढायची. कोणाला कधी पत्ताही लागला नसता. उरलेली बारा कशाला न्यायची, आणि चौदा कोरे कागद कापत कशाला बसायचं?

बसमध्ये चढता चढता त्याचंही उत्तर त्यांना मिळालं, आणि त्यांना वाईट वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी तिघांना कारखान्यात बसवलं. मशीन बंद होतं. कोरे कागद त्यांनी टेबलावर मधोमध ठेवले.

त्या सरळ मुद्द्यावर आल्या. खरेदीखत चोरून कोणालाच काही मिळणार नव्हतं. धाकट्याला ते ठाऊक होतं, नक्कल त्यानेच आणली होती. छापखानेवाल्यांना तर त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे चोरी दुसऱ्या कागदाची होती, ज्याची प्रत कुठेच नाही अशा. तो कागद म्हणजे न नोंदलेलं बक्षीसपत्र. मागची खोली दाभणला देण्याचं.

धाकट्याने दाभणकडे बघितलं. दाभण टेबलाकडे बघत होती.

तो कागद नाहीसा होण्यात दाभणचा फायदा नव्हता, बाई पुढे म्हणाल्या. ज्याने घेतला त्याने तो वाचलेला होता. आणि वाचलेलं माणसाच्या तोंडात राहतं. काल या घरातल्या एका माणसाने मला ती खोली दस्तलेखकाच्या शब्दांत सांगितली. साधं माणूस म्हणतं, मागची खोली. 'येण्याजाण्याच्या वाटेसह' असं कोणी बोलत नाही. खरेदीखतात ते शब्द असू शकत नाहीत, कारण खरेदीखत बावीस वर्षांचं आणि जिना सहा वर्षांचा. ते शब्द जगात एकाच दस्तात होते. आणि कोरे कागद कापले कोणी? ज्याला मशीन चालवता येत नाही त्याने. पण ज्याने लहानपणी उभं राहून रोज मास्तरांचा हात बघितला होता त्याने.

थोरलीने नाकारलं नाही. तिने इतकंच विचारलं, की मग बारा पानं मी का नेली असतील, तेही सांगा.

"कारण तुम्हाला खोली नको होती," बाई म्हणाल्या. "दोन पानं गेली असती तर खोली वाचली असती, पण ही इथेच राहिली असती. तुम्हाला ही जायला हवी होती, तीही चोर म्हणून. त्यासाठी मोठी चोरी व्हायला हवी होती, आणि ती सगळ्यांसमोर उघडायला हवी होती. फाइल रिकामी ठेवली असती तर धाकट्यांच्या हाताला ते आधीच कळलं असतं, म्हणून कोरे कागद. फाइल उघडली तेव्हा आत बघण्याआधी तुम्ही हिच्याकडे बघितलंत."

धाकटा 'ताई' एवढंच म्हणाला.

थोरली उठून वर गेली. ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली आणि त्याच्या मधून चौदा पानं काढून टेबलावर ठेवली. एकही फाडलेलं नव्हतं. वडील गेले त्याच्या चौथ्या दिवशी, मृत्यूचा दाखला करण्यासाठी त्यांचे जन्माचे कागद शोधताना तिला ते बक्षीसपत्र दिसलं होतं. फाडायला घेतलं, पण खाली बाबांची सही होती.

"खोलीचं मला काही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात शिकवताना असावा तसा सपाट होता. "हे बघा. लेखकाने लिहिलं होतं, 'सेवेबद्दल'. बाहेरच्या माणसाला देताना तसंच लिहीत असतील. ते बाबांनी खोडलंय. स्वतःच्या हाताने. वर लिहिलंय, 'प्रेमापोटी'. आणि खोडलेल्या जागी समासात सही केलीये, नंतर कोणी शंका घेऊ नये म्हणून. मला एक्केचाळीस वर्षांत त्यांनी हा शब्द कुठे लिहिला नाही. पत्रात नाही, पाकिटावर नाही. आणि हिच्यासाठी त्यांनी खाडाखोड केली."

मग दाभण बोलली, टेबलाकडेच बघत. मास्तरांनी तिला तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, खोली तुझ्या नावावर करतोय, उद्या सही करायला चल. तिने नको म्हटलं. तीन दिवस ते मागे लागले होते, तिने तीनही दिवस नको म्हटलं. कागद बघितलाही नाही.

धाकट्याने विचारलं, का.

"तुमच्या आईला कोणी या घरातली खोली लिहून दिली होती?" दाभण म्हणाली. "तुम्हाला दिली? ताईंना दिली? घरच्या माणसाला घरातली खोली कोणी लिहून देत नाही. ज्याला लिहून द्यावी लागते तो बाहेरचा. एकोणीस वर्षं मी स्वतःला काहीतरी समजत होते. सही केली असती की कळलं असतं मी कोण." मग ती पहिल्यांदा थोरलीकडे वळली. "तुम्हाला काय, तुम्ही बाबा म्हणायचात. वर्षातून दोनदा यायचात आणि सरळ आत जायचात, चपला कुठेही काढून. मी रोज त्या चपला सरळ करून ठेवायचे आणि मला वाटायचं, ही आता परत कधी जाणार."

थोरलीला हे नवीन होतं. कोणी तिचा हेवा करत असेल ही शक्यता तिने कधी धरलीच नव्हती.

तिने बाईंना विचारलं की मग त्या कागदाचं काय.

बाई म्हणाल्या, बक्षीस देणाऱ्याने दिलं म्हणून होत नाही, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत घ्यावं लागतं. यांनी घेतलं नाही, म्हणून ते झालंच नाही. खोली कधी यांची नव्हती. तुम्ही चोरलंत ते काहीच नव्हतं.

"म्हणजे तिला नाही म्हणता आलं," थोरली म्हणाली. ती हसली की काय ते कळलं नाही. "मला तर नाही म्हणायची वेळसुद्धा आणली नाही त्यांनी."

७

धाकट्याने बहिणीशी आठवडाभर अबोला धरला, मग त्याला कंटाळा आला. इमारत विकली गेली नाही. छापखानेवाल्यांना दोन सह्या हव्या होत्या, थोरलीने आपली द्यायचं नाकारलं. धाकट्याने त्यावर फारसा वाद घातला नाही. महिन्याभराने दोघांनी बाईंकडून वाटणीपत्र करून घेतलं. कारखाना धाकट्याला, वरच्या खोल्या दोघांत, आणि मागची खोली थोरलीने स्वतःच्या हिश्शात मागून घेतली.

बाईंना वाटलं, आता ही दाभणला काढणार. तसं त्यांनी विचारलंही.

काढणार नव्हती. "पण ती माझ्या परवानगीने राहील," थोरली म्हणाली. "बाबांच्या नव्हे."

दाभणला ते कळवलं तेव्हा तिने निरोप पाठवला की परवानगीने राहायचं वय गेलं. राहीन तर भाडं देऊन, पावती घेऊन. त्यामुळे पुढच्या आठवड्यात त्या दोघी बाईंच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या आणि भाडेकराराच्या प्रत्येक कलमावरून भांडल्या. भाडं दाभणला कमी वाटत होतं आणि थोरलीला जास्त. दाभणचं म्हणणं, फुकटात राहतेय असं उद्या ऐकवून घ्यायचं नाही. थोरलीचं म्हणणं, मालक मी आहे, भाडं मी ठरवणार. खिडकीची दुरुस्ती कोणाकडे यावर पाऊण तास गेला. बाईंनी एवढ्या वर्षांत असा करार बघितला नव्हता.

शेवटी सह्या झाल्या. 'मालक' या शब्दापुढे थोरलीने सही केली आणि शाई वाळेपर्यंत त्या सहीकडे बघत बसली. मग पर्समधून ती दोन पानं काढली. ती तिने आपल्याकडेच ठेवली होती आणि भावाने मागितली नव्हती.

"हे कोणाला द्यायचं असेल तर नोंदणी लागते का?" तिने बाईंना विचारलं.

"हा आता नुसता कागद आहे," बाई म्हणाल्या. "हातात दिला आणि समोरच्याने घेतला की झालं."

थोरलीने पानं लगेच पुढे केली नाहीत. तिने ती सरळ केली, कडा जुळवल्या, पहिल्या पानावरच्या समासावर बोट ठेवलं. मग टेबलावरून सरकवली. दाभणने वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता खोडलेल्या जागेपाशी ती थांबली आणि तिथून पुढे तिची नजर सरकली नाही. बाई टाक पुसत राहिल्या. बऱ्याच वेळाने दाभणने पानांची घडी घातली आणि ती ब्लाउजमध्ये ठेवली. आभार मानले नाहीत.

थोरलीला ते बघणं सोपं गेलं नसावं. ती उठली आणि पर्स खांद्याला लावली.

"खिडकीची कडी मात्र तुम्ही स्वतः बसवून घ्यायची," ती दाभणला म्हणाली. "करारात आहे ते."

"करारात मालकाकडे आहे," दाभण म्हणाली. "तिसरं कलम बघा."

थोरली परत खाली बसली आणि तिने तिसरं कलम काढलं.